एकाच रेकॉर्डवर दोन भाऊ: ‘थ्रिलर’ वाजवली कुणी आणि पैसे कुणाला

जेफ आणि स्टीव्ह पोर्कारो हे सख्खे भाऊ. थोरला जेफ ड्रम वाजवायचा, धाकटा स्टीव्ह कीबोर्ड. दोघेही लॉस एंजेलिसच्या ‘टोटो’ या बँडचे. १९८२ साली मायकल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ तयार होत होता, तेव्हा दोघांचाही हात त्याला लागला. नऊ गाण्यांच्या त्या अल्बममधल्या चार गाण्यांत जेफचे ड्रम आहेत. स्टीव्हच्या नावावर गाणं एकच, ‘ह्युमन नेचर’. तेही अर्धंच, कारण शब्द जॉन बेटिस या गीतकाराचे. त्या गाण्यातही ठेका धरलाय जेफनेच.

हे गाणं आज अमेरिकेतल्या एखाद्या रेडिओ स्टेशनवर लागलं, तर स्टीव्हच्या खात्यात पैसे जमा होतात. जेफच्या वाट्याला काहीच येत नाही. तो १९९२ साली वारला म्हणून असं होतं असं समजू नका, हयात असता तरी काही आलं नसतं. त्याहून नवल म्हणजे, ज्याच्या आवाजात आपण ते गाणं ऐकतो त्या मायकल जॅक्सनच्या नावावरही त्या वाजण्यापोटी एक सेंट जमा होत नाही.

हे कोडं सुटलं की पॉप संगीताचा निम्मा धंदा समजतो.

कायदा एका गाण्याकडे दोन वेगळ्या वस्तू म्हणून बघतो. पहिली वस्तू म्हणजे रचना: चाल आणि शब्द. दुसरी म्हणजे ध्वनिमुद्रण, म्हणजे ती रचना अमुक लोकांनी अमुक दिवशी गाऊन-वाजवून टेपवर उतरवली ती. आपल्याकडे एकच अभंग दहा गावांतली दहा भजनी मंडळं म्हणतात. अभंग ही रचना. त्यातल्या एका मंडळाने एका रात्री म्हटला आणि कुणीतरी मोबाइलवर उतरवून घेतला, ते झालं ध्वनिमुद्रण. पखवाज कसा वाजला, टाळ कुठे चढला, पेटीवाल्याने मध्ये कोणती जागा घेतली, हे सगळं दुसऱ्या खात्यात जातं.

अमेरिकेतली नेहमीची रेडिओ स्टेशनं फक्त पहिल्या खात्याचे पैसे देतात. रेकॉर्ड वाजली म्हणजे जाहिरात फुकट झाली, खप वाढेल, मग आणखी पैसे कशाला, हा तिथल्या रेडिओवाल्यांचा जुना युक्तिवाद आणि तो आजवर टिकून आहे. म्हणून ‘ह्युमन नेचर’चे पैसे स्टीव्ह आणि बेटिस यांच्या बाजूला जातात. ‘बिली जीन’ लागलं तर मात्र जॅक्सनच्या बाजूला येतात, कारण ते त्याने स्वतः लिहिलंय. गायला म्हणून त्याचेही मिळत नाहीत. इंटरनेट आणि उपग्रह रेडिओसाठी १९९५ पासून वेगळा कायदा झाला. तिथे ध्वनिमुद्रणाचे पैसे द्यावे लागतात आणि त्यांची वाटणी ठरलेली आहे: ५० टक्के रेकॉर्डच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य कलाकाराला आणि उरलेले ५ टक्के बाकी सगळ्या वादकांना आणि कोरसवाल्यांना मिळून. एखाद्या गाण्यात चाळीस व्हायोलिनं असली तर तीही त्या पाच टक्क्यांतच.

मग जेफसारख्यांचं पोट भरायचं कशावर? बिदागीवर. अमेरिकेत रेकॉर्डिंगला वाजवणाऱ्यांची मोठी युनियन आहे आणि तिने कामाचं माप ठरवून दिलंय. एक ‘सेशन’ म्हणजे साधारण तीन तास, त्याचा किमान दर ठरलेला. नावाजलेले वादक दुप्पट, तिप्पट दर लावतात. रेकॉर्ड खपली तर कंपन्या एका निधीत थोडी रक्कम भरतात आणि त्यातून वादकांना काही वर्षं चिल्लर येत राहते. पण गाण्यावर हक्क नाही. तुमच्या तीन तासांतून पुढची चाळीस वर्षं जग नाचलं तरी ते तीनच तास.

ही व्यवस्था मायकलला नवी नव्हती, तो तिच्यातच वाढला होता. १९६९ मध्ये ‘जॅक्सन फाइव्ह’चं ‘आय वॉन्ट यू बॅक’ आलं तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. स्टेजवर त्याचा भाऊ जर्मेन बेस गिटार घेऊन उभा राहायचा. रेकॉर्डवरचा तो उसळता बेस मात्र विल्टन फेल्डरचा आहे. तो ‘क्रुसेडर्स’ या जॅझ बँडचा माणूस, आणि बँडमध्ये वाजवायचा सॅक्सोफोन. मोटाउन ही त्यांची कंपनी आपल्या वादकांची नावं कव्हरवर छापतच नसे. डेट्रॉइटमध्ये तिच्यासाठी दिवसरात्र वाजवणाऱ्या मंडळींचं नाव अल्बमवर पहिल्यांदा छापलं गेलं ते १९७१ साली, मार्विन गेच्या एका अल्बमवर. तोवर त्यांनी वाजवलेली डझनावारी गाणी पहिल्या नंबरावर जाऊन आली होती.

आता ‘थ्रिलर’च्या खोलीत जाऊ. स्टुडिओ वेस्टलेक, शहर लॉस एंजेलिस, काम सुरू झालं एप्रिल १९८२ मध्ये. मायकल कुठलंही वाद्य सफाईने वाजवत नसे, स्वरलिपीही लिहीत नसे. मग गाणं त्याच्या डोक्यातून टेपवर यायचं कसं? तोंडाने. तो घरी टेप लावून ठेका तोंडाने करायचा, बेस गुणगुणायचा, कोरसचे सगळे स्वर एकावर एक स्वतःच गायचा. ‘बिली जीन’ची १९८१ सालची घरगुती टेप ‘थ्रिलर’च्या २००१ च्या आवृत्तीत सगळ्यांना ऐकता आली. ती जरूर ऐका. शब्द अर्धेमुर्धे आहेत, काही ठिकाणी नुसतंच हं-हं. पण तो चालत येणारा बेस तिथे आधीच आहे.

म्हणून ‘सगळं त्या साजिंद्यांनीच केलं, हा नुसता चेहरा’ असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ती घरची टेप आणि तयार गाणं यांच्यात जे अंतर आहे, ते मात्र दुसऱ्यांनी कापलेलं आहे.

त्यातला पहिला ‘थ्रिलर’चा प्रोड्यूसर क्विन्सी जोन्स. पॉपच्या दुनियेत प्रोड्यूसर म्हणजे पैसे लावणारा नाही, आपला सिनेमातला ‘निर्माता’ डोळ्यांपुढे आणू नका. हा माणूस गाणी निवडतो, वादक निवडतो, कुठला टेक ठेवायचा ते ठरवतो आणि स्टारला नाही म्हणू शकतो. जोन्स ट्रम्पेट वाजवत मोठा झाला, मोठमोठ्या जॅझ बँडांसाठी त्याने संगीत लिहिलं, पॅरिसमध्ये नादिया बुलांजे यांच्याकडे शिकला. त्याची खरी पुंजी होती फोनची वही. कुठल्या गाण्याला कुणाचा हात हवा हे त्याला पाठ असायचं. ‘बिली जीन’चं नाव त्याला बदलून हवं होतं, टेनिसपटू बिली जीन किंगबद्दल गाणं आहे असं लोकांना वाटेल म्हणून. गाण्याची सुरुवातही फार लांबते, कापू या, असं त्याचं म्हणणं होतं. मायकलचं उत्तर होतं की तेवढ्या भागानेच मला नाचावंसं वाटतं. नाव राहिलं, सुरुवातही राहिली. प्रोड्यूसरने कधी माघार घ्यायची हेही त्याच्याच कामात येतं.

दुसरा रॉड टेम्परटन, माझा यातला सर्वांत आवडता माणूस. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचा, एके काळी ग्रिम्सबीच्या फ्रोझन माशांच्या कारखान्यात कामाला असलेला. पुढे ‘हीटवेव्ह’ बँडमध्ये कीबोर्ड वाजवायला लागला, तिथल्या गाण्यांवरून जोन्सने त्याला हेरलं. ‘थ्रिलर’मधली तीन गाणी त्याची आहेत, शीर्षकगीतही त्याचंच. आधी त्याचं नाव होतं ‘स्टारलाइट’. चाल तीच, ठेका तोच, फक्त भुतंखेतं नव्हती. नाव बदललं आणि मग त्यात दार करकरणं, लांडग्याचं ओरडणं आणि व्हिन्सेंट प्राइसचं ते घोगरं निवेदन आलं. निवेदनातल्या ओळीही टेम्परटननेच लिहिल्या, त्यातल्या काही तर स्टुडिओकडे जाताना टॅक्सीत. मुलाखती टाळणारा, फोटोत न दिसणारा हा गृहस्थ २०१६ मध्ये गेला, तेव्हा बातम्या वाचून अनेकांना प्रथमच कळलं की मायकल जॅक्सनची ही गाणी एका इंग्रज माणसाने लिहिली होती. पण पैशाच्या हिशेबात त्याचं बरं झालं. तो रचनेच्या खात्यातला.

तिसरा थर अरेंजरचा, आणि हा वाचकाला समजावणं सगळ्यांत सोपं, कारण मुंबईच्या सिनेसंगीतात हा शब्द जसाच्या तसा चालतो. संगीतकार चाल देतो. व्हायोलिनं कुठे उठतील, ट्रम्पेट कोणत्या दोन ओळींच्या मधे घुसेल, हे अरेंजर लिहितो. आपल्याकडे सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस अशा गोव्याच्या माणसांनी ते वर्षानुवर्षं केलं. प्यारेलाल ज्यांच्याकडे व्हायोलिन शिकले ते हेच गोन्साल्विस, आणि त्यांचं नाव सामान्य माणसाच्या तोंडी आलं ते १९७७ साली एका पडद्यावरच्या पात्रामुळे. ‘थ्रिलर’मध्ये ब्रासच्या, म्हणजे ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांच्या, जागा लिहिण्याचं काम मुख्यतः जेरी हे या ट्रम्पेटवाल्याचं. त्या तोडून टाकल्यासारख्या, चाबूक मारल्यासारख्या फुंकी आठवा. त्या काढल्या तर गाणं उभं राहील, पण अंगावर येणार नाही. कायद्याने मात्र ती ‘चाल’ नाही, आणि म्हणून रचनेत वाटा नाही.

मग वादक. ग्रेग फिलिंगेन्स कीबोर्डवर, पॉलिन्यो दा कोस्टा हा ब्राझिलियन तालवाद्यांवर, डेव्हिड विल्यम्स एकाच तारेवर टिचक्या मारल्यासारखी गिटार वाजवणारा. ‘बिली जीन’चा बेस लुई जॉन्सनचा. मायकलने त्याला जवळचे सगळे बेस गिटार आणायला लावले, एकेकावर तोच तुकडा वाजवून घेतला आणि मग एक निवडला. स्वर मायकलचे होते, पण कुठल्या गिटारमधून, कुणाच्या बोटांतून, हा फरक त्याला ऐकू येत होता. माझ्या मते त्याची प्रतिभा गाण्याइतकीच या निवडीत आहे.

त्याच गाण्याचा ड्रम एन्डुगू चान्सलरचा, खाली यंत्राचा ठेका आणि वर हाताने वाजवलेला. पहिल्या दोन सेकंदांत, एकही स्वर लागायच्या आत, जगातला कुणीही गाणं ओळखतो. याचं श्रेय चान्सलरला जातं, आणि तितकंच रेकॉर्डिस्ट ब्रूस स्विडीनला. स्विडीनने ड्रमसाठी लाकडी चौथरा बनवून घेतला, खालच्या मोठ्या ड्रमला खास आवरण शिवून घेतलं, दोन वाद्यांच्या मधे लाकडाची फळी उभी केली. कशासाठी? एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरू नये आणि प्रत्येकाचा चेहरा वेगळा दिसावा म्हणून. गाण्यातल्या काही ओळी तर त्याने मायकलला पुठ्ठ्याच्या लांब नळीतून गायला लावल्या. मग सगळे आवाज एकमेकांत बसवायचे, म्हणजे मिक्सिंग. स्विडीनने ‘बिली जीन’चे ९१ मिक्स केले. शेवटी जोन्स म्हणाला, जरा दुसऱ्या क्रमांकाचा लाव बघू. रेकॉर्डवर आहे तो दुसरा.

इतकं करूनही पहिल्यांदा सगळा अल्बम लावून ऐकला तेव्हा तो फसलेला निघाला. लाँग प्ले रेकॉर्डच्या एका बाजूला जितकी जास्त मिनिटं कोंबाल तितक्या तिच्या खाचा बारीक होतात आणि आवाज, विशेषतः बेस, मरतो. गाणी लांबलेली होती. मायकल रडत बाहेर गेला असं जोन्सने पुढे सांगितलंय. मग कापाकापी झाली, एकेक गाणं घेऊन मिक्स नव्याने केला गेला, आणि नोव्हेंबरअखेरीस रेकॉर्ड दुकानात गेली.

आता पुन्हा पोर्कारो भावांकडे. ‘ह्युमन नेचर’ हे मुळात मायकलसाठी नव्हतंच. स्टीव्हची लहान मुलगी शाळेतून रडत आली, एका पोराने तिला घसरगुंडीवरून ढकललं होतं. तो असं का वागला, हे ती बापाला विचारत राहिली. त्या ‘का’वरून गाणं सुरू झालं. इकडे जोन्सने ‘टोटो’च्याच डेव्हिड पेचकडे मायकलसाठी चाली मागितल्या होत्या. कोरी कॅसेट शिल्लक नव्हती, म्हणून पेचच्या चाली स्टीव्हच्या कॅसेटच्या मोकळ्या बाजूवर भरून पाठवल्या. जोन्सने ती बाजू ऐकली, बंद करायचं राहून गेलं, कॅसेट आपोआप उलटली आणि दुसऱ्या बाजूचं गुणगुणणं सुरू झालं. जोन्सला हवं ते तिथे होतं. स्टीव्हचे शब्द अपुरे होते, ते बेटिसकडून लिहून घेतले. पेचच्या चाली राहिल्या बाजूला.

जेफची गोष्ट याच्या उलट, सगळी घामाची. ‘बीट इट’मध्ये जोन्सला रॉक गिटारचा सोलो हवा होता, म्हणून त्याने ‘व्हॅन हेलन’ या रॉक बँडच्या गिटारवाल्याला, एडी व्हॅन हेलनला, फोन केला. कुणीतरी चेष्टा करतंय असं एडीला वाटलं. मग तो आला, आणि एक पैसा न घेता वाजवून गेला. फक्त जाताना एक उद्योग करून गेला. सोलोच्या खालचा भाग त्याला आवडला नाही, म्हणून त्याने इंजिनिअरकडून टेपच कापून वेगळी जोडून घेतली. तिथेच घोटाळा झाला. स्विडीन दोन मोठी टेप यंत्रं एका संकेताने बांधून एकत्र चालवत असे, म्हणजे आवाजांना जागा दुप्पट मिळे. टेप कापली, संकेत तुटला, दोन यंत्रं एकमेकांशी जुळेनात. हाती उरलं काय? मायकलचा आवाज, एडीचा सोलो आणि एक ठकठक.

तेव्हा जेफ आणि ‘टोटो’चाच गिटारवाला स्टीव्ह लुकाथर यांना सांगण्यात आलं, आता खालची इमारत बांधा. जरा विचार करा. नेहमी पाया आधी घालतात, ठेका आधी, गायक नंतर. इथे छत हवेत लटकलंय आणि त्याच्याखाली भिंती उभ्या करायच्या आहेत. जेफने आधी उरलेल्या आवाजावरून काठ्यांनी नुसती लय टिपली, मग त्या लयीवर ड्रम वाजवले. लुकाथरने बेस वाजवला, गिटारही वाजवली. पहिल्यांदा त्याने मोठे अँप्लिफायर लावून गिटारींचा डोंगर रचला. जोन्स म्हणाला, एवढं जड नको, हे पॉप रेडिओवर लागायचंय. मग लहान अँप्लिफायरवर पुन्हा सगळं. आज आपण ऐकतो तो ‘बीट इट’ असा उलटा बांधलेला आहे, आणि ऐकताना कुठेही सांधा दिसत नाही. या कारागिरीचे पैसे तासांवर मिळाले. कॅसेट चुकून उलटली त्याचे पैसे आजही येतात. मी स्टीव्ह पोर्कारोला दोष देत नाही, चाल त्याची आहे. पण मापच असं आहे.

हे माप कुणाला कसं लागेल याचा भरवसा बड्यांनाही नसतो. प्रोड्यूसरला विक्रीतला ठरावीक टक्का मिळतो, पण तो करारात लिहिलेला असेल तसाच. मायकलच्या मृत्यूनंतर जोन्सने त्याच्या वारसांच्या व्यवस्थापनावर दावा लावला. २०१७ साली ज्युरीने ९४ लाख डॉलर दिले, २०२० मध्ये वरच्या कोर्टाने त्यातले जवळपास ६९ लाख काढून घेतले. कराराचा अर्थ लावायचा अधिकार ज्युरीचा नाही, कोर्टाचा, असं सांगून. आपल्याकडे कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क निर्मात्याने करारात स्वतःच्या नावावर लिहून घेण्याची वाट बंद केली. 

१ नोव्हेंबर १९९६ ला अंधेरीच्या क्रीडा संकुलात मायकल जॅक्सन आला, तेव्हा त्या दौऱ्यात एडीचा सोलो वाजवायचं काम जेनिफर बॅटन या गिटारवादक बाईंकडे होतं. दुसऱ्याने फुकट वाजवलेल्या जागा त्या रोजच्या मोबदल्यावर, शहरामागून शहरात, वाजवत होत्या. मूळ सोलो एडीने ऐन वेळी सुचेल तसा वाजवला होता, पण लोकांना तो तसाच्या तसा हवा असतो. रचना नाही म्हणता म्हणता त्याची रचनाच होऊन बसली. फक्त कायद्याच्या वहीत नाही.

त्या फाटक्या टेपवर उरलेली ठकठक राहिलीच सांगायची. अल्बमच्या बारीक अक्षरांत, ‘बीट इट’खाली, कीबोर्ड, गिटार, ड्रम अशी एकेकाची नावं संपत आली की एक नोंद येते: ‘ड्रमची पेटी बडवणारा – मायकल जॅक्सन’. ड्रम ने-आण करायची ती पेटी. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला तो तिच्यावर हाणत होता, आणि बाकी सगळं गेल्यावर जेफच्या हाती लय पकडायला जे होतं, त्यात ही पेटीही होती.